सगुणाआक्का आणि कौलखाना

“मामा, आई कौलखान्यात गेली,” भाचा फोनवर म्हणाला. सकाळची वेळ होती. मी साताऱ्याच्या घरात गॅलरीत पेपर चाळत बसलो होतो. मी म्हटलं, “मग येईल की जेवायच्या वेळेला. एवढा घाबऱ्या आवाजात काय सांगतोयस?” पलीकडून त्याचा हुंदका ऐकू आला आणि ‘गेली’ या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात उतरला. सगुणाआक्का, माझी थोरली बहीण, सकाळी झाडायला म्हणून कौलखान्यात गेली होती आणि तिथंच बसल्या जागी संपली. ऐंशी पार केलेल्या माणसाला असं सुखाचं मरण यावं, असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की आक्काला सुखाचं काही सोसत नसे. मरणाशीही दोन शब्द भांडूनच ती गेली असणार.

या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे परतले. आता थोडं निवांत बसून तिच्याबद्दल लिहावं असं वाटतं. कारण कौलखान्यात आज कार्यक्रमाला येणाऱ्या नव्या पोरांना वाटतं, की ही जागा सरकारनं बांधून दिली. ती कुणी बांधून दिलेली नाही. ती अडून बसून मिळवलेली आहे.

आमचं गाव कडेगावपासून पुढं, येरळा नदीच्या अंगाला. गावाबाहेर कौलांचा कारखाना होता, तोच हा कौलखाना. तळ्यातली चिकणमाती यायची, यंत्रात मळली जायची, साच्यात दाबली जायची, आणि ओली कच्ची कौलं फळीवर मांडून बाया डोक्यावरून वाळवणाच्या छपराकडं न्यायच्या. हे छप्पर म्हणजे लांबच लांब शेड. भिंती कमरेएवढ्याच, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, कारण कौलाला ऊन चालत नाही, नुसता वारा लागतो. माझे वडील भट्टीवर होते, आई आणि आक्का फळ्या वाहायच्या. आक्का तेव्हा परकर-पोलक्यातली. डोक्यावर ओझं असताना बाया गाणी म्हणायच्या. मुकादमाला वाटायचं, गाण्यानं काम सुटतं. त्यानं एकदा सगळ्यांना दम भरला. आक्का फळी न उतरवताच त्याला म्हणाली, “गानं थांबलं की पाय थांबत्यात. बघायचंय का?” आणि ती खरंच थांबली. तिच्या मागची ओळ थांबली. ओलं कौल डोक्यावर फार वेळ राहिलं तर वाकतं, हे मुकादमालाही ठाऊक होतं. तो पुटपुटत निघून गेला. घरी आल्यावर आईनं आक्काला बदडलं. आक्का रडली नाही. मीच रडलो.

मग कोयनेचा भूकंप झाला. आमच्याकडं माणसं दगावली नाहीत, पण पहाटे अंथरुणावर कौलं कोसळली ती कुणी विसरलं नाही. डोक्यावर जड छप्पर नको म्हणून ज्याला जमेल तो पत्रे घालू लागला. कौलांना गिऱ्हाईक राहिलं नाही. त्यानंतर काही वर्षांतच, बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे, शेठनं कारखाना बंद केला. यंत्रं तिथंच, भट्टी तिथंच, विकायची राहिलेली कौलं अंगणात रचलेली तशीच. फाटकाला कुलूप लागलं आणि आत वेड्या बाभळी माजल्या. राखणीला इमामचाचा तेवढे उरले. शेठ त्यांना जा म्हणाला नव्हता, म्हणून ते फाटकाजवळच्या खोलीत बायको-मुलांसह राहत होते.

तोवर आक्काचं लग्न गावातल्याच जोतीराम दाजींशी झालेलं. दाजी फौजेत. वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचे, बाकीचे दिवस शेत, म्हैस आणि सासू आक्काकडं. मी एसटीत कंडक्टर लागलो होतो, आटपाडीच्या गाडीवर. दुपारी वेळ मिळाला की आक्काकडं उतरायचो. तिनं तेव्हा बायकांचं भजन सुरू केलं होतं. गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस बाया जमायच्या. पुरुषांच्या भजनी मंडळाचे प्रमुख म्हणजे गावातले तात्या. सोसायटीचे चेअरमनही तेच. बायका दुपारी गातात, मंडळ संध्याकाळी बसतं, तेव्हा त्यांची हरकत नव्हती. हरकत आली ती आक्कानं तानूबाईला आणल्यावर.

तानूबाई मातंग वस्तीतली. तिचा नवरा सखाराम हलगी वाजवायचा. गावचं एक लग्न, एक जत्रा त्याच्या हलगीशिवाय झाली नाही, पण तो वाजवायचा मंडपाबाहेर, उन्हात उभा राहून. तानूबाईचा आवाज आक्कानं भांगलणीत, शेतातलं तण काढताना, ऐकला होता. असा आवाज मी पुढं आयुष्यात ऐकला नाही. कोरडा, उंच, आणि अजिबात विनवणी नसलेला. पहिल्याच गुरुवारी तात्या मंडपाच्या पायरीशी येऊन उभे राहिले.

“सगुणे, ती बाहेर बसंल. आवाज काय, बाहेरनं बी आत येतूय.”

“व्हय, आवाज येतूय,” आक्का म्हणाली. “मग आमी समद्याच बाहेर बसतो. आमचा बी आवाज येईल की आत.”

ती टाळ उचलून उठली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, की मागून फक्त दोघीतिघी निघाल्या होत्या. बाकीच्या मान खाली घालून बसून राहिल्या. त्यांना तिनं पुढं कधी बोल लावला नाही. “त्यांच्या घरात मी न्हाई ऱ्हात,” एवढंच म्हणायची.

बाहेर कुठं बसायचं? आक्काच्या अंगणात सासूनं तानूबाईला येऊ दिलं नाही. वस्तीत बसावं तर बाकीच्या बायांच्या घरचे येऊ देईनात. तेव्हा आक्का सरळ इमामचाचांकडं गेली. त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो.

“चाचा, वाळवणाचं छप्पर उघडायचं.”

“कुणाच्या हुकमानं?”

“वारा खायला कुनाचा हुकूम लागतोय? माज्या डोईवरनं गेलेली कौलं हायती ती. माज्या आईच्या डोईवरनं गेलेली हायती.”

चाचांनी जरा वेळ फाटकाकडं पाहिलं. मग म्हणाले, “शेठ आला तर मी म्हणंन, मला इचारलं न्हाई.” आणि त्यांनी कुलूप काढलं. चाचांचं असंच असायचं. तोंडानं भ्यायचे, हातानं काम करून मोकळे व्हायचे.

साफसफाईत तो सगळा उन्हाळा गेला. बाभळी तोडल्या, वटवाघळं हाकलली, जुन्या फळ्यांच्या मांडण्या मोडून जमीन मोकळी केली, ती शेणानं सारवली. छपराला भोकं होती तिथं अंगणात रचलेली नवी कौलं चढवली. आक्का स्वतः शिडीवर. गावातली माणसं रस्त्यानं जाता जाता थांबून म्हणायची, “सगुणे, जमीन हालली की डोस्कं फुटंल!” त्या काळात कोयनेचे लहान धक्के अधूनमधून बसायचेच. आक्का वरूनच ओरडायची, “फुटलं तर माजंच फुटंल! तुमी कशापायी घाबरताय?”

दाजी सुट्टीवर आले ते या सगळ्याच्या मधोमध. एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत माणसांनी त्यांचे कान भरले. बायकोला आवर, फौजीच्या घराची अब्रू गेली, वगैरे. दाजी तापट. त्यांनी आक्काशी बोलणं टाकलं, जेवायलाही आपल्या आईच्या हातचंच घेऊ लागले. आक्का रोज कामावर निघावं तशी कौलखान्यात जात राहिली. एके दिवशी दुपारी दाजी तिच्या मागोमाग गेले. भांडायलाच गेले होते, हे त्यांनी मला पुढं सांगितलं. आत आक्का, तानूबाई आणि चाचांची बायको गात बसल्या होत्या. दाजी जाळीला टेकून बाहेरच उभे राहिले. गाणं संपल्यावर आत आले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, “इतकी मान्सं येनार, अन् संडासाचं काय?” दुसऱ्या दिवशी त्यांनी पलटणीच्या कॅम्पवर खणतात तसा चर खणायला घेतला. तात्यांनी त्यांना वाटेत गाठलं. “जोतीराम, तू बी?” दाजी म्हणाले, “तात्या, पलटनीत आमी एका पंगतीला जेवतो. कोन कुनाचा, कवा इचारलं न्हाई. हितं आल्यावर इचारायचं म्हंजी लय अवघड जातंय बगा.”

पहिला मोठा कार्यक्रम ठरला तो दुपारीच. छपराला वीज नव्हती, आणि बायकांना मोकळा वेळ तेवढाच. माझ्या आटपाडीच्या गाडीला धनगरांचा एक गजीचा, म्हणजे ढोलावर फेर धरून नाचणाऱ्यांचा, संघ असायचा. ढोल टपावर, माणसं आत. त्यांच्या म्होरक्याला, बिरूअण्णाला, मी म्हटलं, “आमच्या बहिणीनं एक जागा काढलीय, याल का?” त्यानं विचारलं, “तितं आमाला आत बसू देत्यात, का आंगनात नाचवून लावून देत्यात?” मी म्हटलं, “आत.” त्यावर तो म्हणाला, “मग येतो.”

त्या दुपारी छप्पर भरलं. गावातली बरीच माणसं आली, खरं सांगायचं तर फजिती बघायला आली. गजीचा ढोल सुरू झाला, पांढरे अंगरखे आणि रंगीत रुमाल गरगर फिरू लागले. मग तानूबाई गायला बसली, सखारामची हलगी तिच्या बाजूला. बाहेर नव्हे, तिच्या बाजूला. हलगी आत आल्यावर काय होतं हे त्या दिवशी गावानं पहिल्यांदा ऐकलं. आणि नेमका तेव्हा धक्का बसला. आधी जमिनीतून गुरगुर, मग वर कौलांची खडखड. सगळं छप्पर दात वाजवल्यासारखं वाजलं. माणसं उठून पळाली. मीही पळालो, सखाराम हलगीसकट पळाला. अंगणात येऊन बघतो तर आत दोघीच. तानूबाई डोळे मिटून गातेय, आणि आक्का तिच्या शेजारी ताठ बसून टाळ वाजवतेय. एक कौल निसटलं नाही. गाणं पुरं झाल्यावर आक्कानं मान वळवून बाहेर पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, “काय पडलं का? न्हाई न्हवं? मग या की आत. हितली कौलं माज्या हातची हायती.”

माणसं परत आली. काही हसत, काही खाली बघत. त्या दिवसानंतर कौलखान्याला फजिती बघायला कुणी आलं नाही, ऐकायला आलं. पुष्कळ वर्षांनी मी आक्काला म्हटलं, “तुला जरा सुद्धा भीती वाटली नाही त्या दिवशी?” ती माझ्याकडं बघून हसली. “अरं बाळू, पाय उचलंनात! पळायचं लय मनात हुतं. पर ते कुनाला सांगू नगंस.” आज सांगतो. मला ती त्यामुळं लहान वाटत नाही. पाय उचलत नसताना हात टाळ वाजवत राहिले होते, आणि तो आवाज कापला नव्हता, हे मी अंगणातून ऐकलं होतं.

पुढचा सामना खताचा. सोसायटीला खताची पोती ठेवायला गोदाम हवं होतं. तात्यांनी ठरवलं, एवढं मोठं छप्पर रिकामंच आहे. ‘रिकामं’ हा त्यांचाच शब्द. शेठ परगावी, विचारायचं कुणाला? एक दिवस पोत्यांनी भरलेला ट्रक फाटकात आला, मागं हमाल बसलेले, पुढं तात्या. गुरुवारच होता. आतल्या बायांची संख्या आता वाढली होती. देवळात मान खाली घालून बसलेल्यांपैकीही बऱ्याचजणी येऊ लागल्या होत्या. आक्का दारात आडवी बसली.

“सगुणे, बाजूला हो. गावाचं काम हाय.”

“आमी काय गावच्या न्हाई व्हय? ठेवा की पोती. आमी उठत न्हाई, आमच्या अंगावर ठेवा.”

तात्यांनी हमालांना हाक दिली. हमालांत सखाराम होता. त्यानं पोत्याला हात लावला आणि मग काढून घेतला. आयुष्यभर मंडपाबाहेर उभा राहिलेला माणूस. मला वाटलं, तो काही बोलणार नाही. तो म्हणाला, “आवं तात्या, माजी बायकू बसलीया तितं. तिच्या अंगावर टाकू व्हय पोतं?” बाकीचे हमाल ट्रकवरून उतरले आणि बाभळीच्या सावलीत जाऊन बसले. ट्रकवाल्याला पुढच्या गावी जायचं होतं, तो कटकट करायला लागला. आत बायांनी गाणं पुन्हा सुरू केलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा तात्यांनी ट्रक वळवायला सांगितला. माल उतरवायला दुसरी जागा नव्हती. पोती गेली देवळाच्या सभामंडपात.

हे कळलं तेव्हा आक्का इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “बघ रं बाळू. तानूला तितं जागा न्हाई, अन् खताला हाय.”

खत काही महिने तिथंच राहिलं. वास असा, की मंडपात डोळे चुरचुरायचे. पुरुषांचं भजन बंद पडलं. पखवाज वाजवणारा आधी कौलखान्यात येऊन बसला, मग एकेक टाळकरी. शेवटी तात्या स्वतः आले. दारात उभं राहून म्हणाले, “एकादशीला आमाला बसायचं हुतं.” आतली सगळी माणसं आक्काकडं बघत होती. मला तिचा स्वभाव माहीत. वाटलं, आता ही त्यांची सालटी काढणार. ती साधेपणानं म्हणाली, “या की. हितं कुनाला न्हाई म्हनत न्हाई. पर तानू फुडं बसती. तिच्या मागं जागा गावंल तितं बसा. अन् पानी एकाच रांजनातलं.”

तात्या तसेच परत फिरले. पण एकादशीला आले. मागं, भिंतीच्या कडेला बसले आणि गायले. चांगलं गायले, खोटं का बोलू. रांजणातलं पाणी मात्र प्यायले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि पुढं दहा-बारा वर्षं येत राहिले तरी नाही. भर उन्हाळ्यात ओठ सुकलेले, तरी नाही. मला राग यायचा. आक्काला म्हटलं, “हे कसलं मन बदलणं? अर्धाच माणूस आत आलाय.” ती म्हणाली, “तहान त्येंची हाय. आपून रांजन भरून ठेवायचा.”

गोष्ट सगळी गोड झाली असं मी लिहिणार नाही. सत्तरचं दशक सरता सरता शेठचा मुलगा आला. त्यानं यंत्रं भंगारात घातली, भट्टी पाडून विटा विकल्या, ती जमीन उसाला गेली. धुराडं पाडलं त्या दिवशी आक्का घरातून बाहेर आली नाही. तिच्या मनात पुष्कळ होतं. भट्टीच्या गोल खोलीत पोरांना वाद्यं शिकवायची, यंत्राच्या शेडमध्ये घोंगडी विणणाऱ्यांना बसवायचं... त्यातलं काही झालं नाही. वाचलं ते फक्त वाळवणाचं छप्पर, कारण शेठच्या मुलाला त्याला गावात गिऱ्हाईकच मिळालं नाही. घेण्यासारखी ऐपत असलेले एकटे तात्या. त्यांनी घेतलं नाही. का घेतलं नाही ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि आक्कानं विचारलं नाही. शेवटी कंटाळून त्यानं ते छप्पर ग्रामपंचायतीच्या नावे करून दिलं.

त्यानंतर सरपंच कितीतरी झाले. प्रत्येकाला तिथं काहीतरी सुधारणा करायची असे. कुणी फरशी घातली, कुणी वीज आणली, ते आक्कानं चालवून घेतलं. स्टेज मात्र तिनं होऊ दिलं नाही. सिमेंट, वाळू येऊन पडलेली असताना ती इंजिनिअरला म्हणाली, “वर कोन बसनार ते आदी सांगा. मग खाली कोन, ते मी इचारती.” इंजिनिअर बिचारा सरपंचाकडं बघायला लागला. त्या वाळूत गावातल्या पोरांनी पुढं वर्षभर लांब उड्या मारल्या. आजही कौलखान्यात स्टेज नाही. मोठमोठे गाणारे येऊन जमिनीवर बसून गेले. गजीवाल्यांनी मधोमध फेर धरला, कडेगावच्या मोहरमच्या दिवसांत गाणी म्हणणाऱ्या मंडळींनी तिथं तालीम केली, चाचांचा नातू आता तिथं लहान मुलांची नाटकं बसवतो.

दिवसकार्यानंतरच्या गुरुवारी तिथं शोकसभा ठेवली होती. मी जरा उशिरा पोचलो. सरपंचांनी पुढं टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर, आक्काचा फोटो, हार, उदबत्ती. भाषणं करणारे खुर्च्यांवर. तानूबाई आता खूप थकलीय, नातसुनेच्या आधारानं चालते. तिचा सखाराम जाऊन वर्षं झाली, दाजीही गेले. ती जरा वेळ ऐकत बसली. ‘कैलासवासी सगुणाबाईंच्या पवित्र स्मृतीस’ वगैरे चालू होतं. मग ती मोठ्यानं म्हणाली, “आवं सरपंच, त्या टेबलानं मागच्यास्नी काय दिसंना झालंय. काढा तेवढं.”

सरपंच तरुण आहेत, भले आहेत. ते गडबडले. “आजी, फोटो कुठं ठेवायचा मग?”

“हितं आना.”

नातसुनेनं फोटो आणून दिला. तानूबाईनं फोटोवरचा हार काढून बाजूला ठेवला, काचेवरून पदर फिरवला आणि फोटो आपल्या शेजारी, बायांच्या ओळीत, भिंतीला टेकवून ठेवला. खुर्च्यांवरची माणसं एकेक करून खाली बसली. कुणी सांगितलं नव्हतं. मग तानूबाईनं सूर लावला. आवाज पहिल्यासारखा राहिलेला नाही, मधेच तुटला. तुटला तिथून बायांनी उचलला, आणि असा उचलला, की दारात उभ्या असलेल्या माझ्या अंगावर काटा आला. शोकसभेचा सूर नव्हता तो. कुणाला तरी सांगितल्यासारखा होता, की आम्ही अजून इथंच आहोत, बघा काय करायचं ते.

माझे पाय आत उचलत नव्हते. छप्पर खच्चून भरलेलं. गाणं चालू असतानाच तानूबाईची नजर माझ्यावर गेली. तिनं हातानं शेजारणीला ढकललं.

“सरका गं फुडं. कंडक्टर उबा ऱ्हायलाय.” आणि मला म्हणाली, “या, बसा. जागा हाय.”